बांधीतलं सारसाचं घरटं आणि आपली वही

रोवणी आटोपत आली असेल, कंबरही बोलत असेल. आज बसल्या जागी सारसाबद्दल बोलू.

महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आपल्या गोंदियात. पलीकडे बालाघाटात आहे, भंडाऱ्यात अगदी थोडा. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्याच्या गणनेत पन्नासही भरले नाहीत. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याची दखल घेतली.

गणना जूनमध्ये होते. तेव्हा पाणी मोजक्याच तलावांत आणि बोड्यांत उरतं, पक्षी तिथे जमतात. पहाटे सगळीकडे एकाच वेळी माणसं बसवतात. नाहीतर झिलमिलीला मोजलेली जोडी परसवाड्याला पुन्हा मोजली जायची. बालाघाटची मोजणीही त्याच सुमारास होते. सारसाला सीमा थोडीच कळते!

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. सारस बरीच वर्षं जगतो. म्हाताऱ्या जोड्या जिवंत आहेत तोवर आकडा टिकलेला दिसतो, आणि पिल्लं मात्र जगत नसतात. म्हणून खरी नोंद घरट्याची. अन् घरटं पहिल्यांदा दिसतं कोणाला? निंदणाला उतरलेल्या बाईला.

माणसाएवढा उंच पक्षी, पण घरटं झाडावर नाही. भर पाण्यात, बांधीत, धान आणि गवत ओढून ढीग करतो. अंडी बहुधा दोन. नर-मादी आळीपाळीने बसतात, ३१ ते ३४ दिवस. आपण जवळ गेलो की ती उठतात, आणि उघड्या अंड्यांवर कावळ्याचा, कुत्र्याचा डोळा असतोच. तेव्हा धुऱ्यावरूनच पाहा, घरट्याभोवतीचं निंदण राहू द्या, तिथे फवारणी नको. चार हात धान जातं हे खरं. त्याची भरपाई शेतकऱ्याला मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

गटाच्या वहीत चारच गोष्टी लिहा: बांधी कोणाची, घरटं कधी दिसलं, अंडी किती, पिल्लं किती. अंडी मोजायला जवळ जाऊ नका. दुरून दिसली नाहीत तर रकाना कोरा सोडा. वनरक्षकाला लगेच कळवा, पण जागा बाजारात सांगत फिरू नका.

आता हिशोब करा. ऑगस्टच्या अंड्यातलं पिल्लू सप्टेंबरात बाहेर येतं. चालतं लगेच, पण उडायला तीनेक महिने लागतात. म्हणजे आपली कापणी येते तेव्हा ते धानातच लपलेलं असतं. कापणारे मजूर बाहेरचे असतील तर त्यांना आधी सांगा, कुत्री बांधा, एका बाजूने कापत जा, पिल्लाला निघायला वाट ठेवा.

हिवाळ्यात जोडीसोबत तिसरा पक्षी दिसला तर त्याचं डोकं पाहा. मोठ्यांचं लाल असतं, पिल्लाचं तांबूस-तपकिरी. ते दिसलं, की वहीतल्या त्याच घरट्यापुढे तारीख टाका.