जपानमधील जाझ-श्रवणगृहे

दोन संगीतवेडी माणसे भेटली म्हणजे क्षेमकुशल विचारून होते न होते तोच, "सध्या काय ऐकता?" हा प्रश्न निघतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात जन्मलेल्या जाझ संगीताच्या भोक्त्यांत तर तो हटकून निघतो. जपानमधील भोक्त्यांनी मात्र या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देण्याऐवजी सर्वांच्या डोळ्यांपुढे मांडून ठेवण्याची रीत पाडली. तेथील जाझ-कॉफीगृहात पाऊल टाकावे, तो त्या क्षणी वाजत असलेल्या तबकडीचे वेष्टन दर्शनी जागी उभे करून ठेवलेले दिसते. तबकडी बदलली की वेष्टन बदलते. कोणास काही विचारावयास नको. वेष्टनावरील नाव वाचावे आणि जागा धरून ऐकावे.

अशा गृहास जपानी लोक 'जाझ-किस्सा' म्हणतात. हा शब्द ऐकून मराठी माणसास एखाद्या मजेदार हकीकतीची आठवण होणे साहजिक आहे. परंतु आपला किस्सा अरबीतून आला, आणि जपानी 'किस्सा'चा मूळ अर्थ चहा पिणे इतकाच आहे. टोकियोत १९२९ साली निघालेले 'ब्लॅक बर्ड' हे या जातीच्या पहिल्या गृहांपैकी एक मानले जाते. योकोहामा बंदरात मामोरु योशिदा यांनी १९३३ साली 'चिगुसा' उघडले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. परदेशी तबकड्या महाग, त्या वाजविणारे चांगले यंत्र त्याहून महाग. घरी दोन्ही असणारा भाग्यवान विरळाच. एका पेला कॉफीच्या किमतीत हे ऐश्वर्य तास दोन तास उपभोगावयास मिळे. कॉफी हे निमित्त होते.

पुढे युद्ध आले. जाझ हे शत्रूचे संगीत ठरले आणि जानेवारी १९४३ मध्ये जपानी सरकारने सुमारे एक हजार अमेरिकन व ब्रिटिश गीतांवर बंदी घातली. मे १९४५ मध्ये योकोहामावर जो भयंकर बाँबवर्षाव झाला, त्यात चिगुसा आणि तेथील तबकड्यांचा संग्रह जळून गेला. अशा वेळी दुकानदाराचा धंदा बुडाला एवढेच सामान्यतः म्हणता येते. येथे मात्र निराळे घडले. युद्धानंतर योशिदांनी पुन्हा दुकान मांडावयाचे ठरविताच जुन्या गिऱ्हाइकांनी स्वतःजवळच्या तबकड्या आणून त्यांच्या हवाली केल्या. ज्या तबकड्या एकट्याने घरी ऐकता आल्या असत्या, त्या चारचौघांत वाजाव्यात म्हणून दिल्या गेल्या. संग्रह करणारा मनुष्य आपल्या वस्तूच्या बाबतीत किती कृपण असतो हे जो जाणतो, त्यालाच या देण्याची किंमत कळेल.

त्यात अमेरिकन सैन्याच्या 'व्ही-डिस्क' नावाच्या तबकड्यांची भर पडली. त्या १९४३ ते १९४९ पर्यंत केवळ सैनिकांसाठी निघत. बाजारात विक्रीस नसत. अमेरिकेतील वादकांच्या संघाने ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला होता आणि तो १९४४ च्या अखेरीपर्यंत पूर्णपणे मिटला नव्हता. त्या काळातील पुष्कळसे वादन या सैनिकी तबकड्यांवरच टिकून राहिले. जपानी तरुणांना ते ऐकावयास मिळाले ते जेत्यांच्या छावणीतून, हा दैवाचा खेळ म्हटला पाहिजे.

या श्रोत्यांत पुढे नावारूपास आलेले वादकही होते. पियानोवादिका तोशिको अकियोशी आणि सॅक्सोफोनवादक सादाओ वातानाबे हे चिगुसात येऊन बसत आणि ऐकलेले स्वर कागदावर उतरवून घेत. छापील स्वरलिपी दुर्मिळ, शिकवणारा कोणी नाही. अशा स्थितीत सुई पुन्हा मागे नेऊन तोच तुकडा दहादा ऐकणे, हाच अभ्यासक्रम. आपल्याकडील गवय्यास गुरूसमोर बसल्यावाचून विद्या येत नाही असे आपण मानतो, आणि ते खरेही आहे. परंतु येथे गुरू समुद्रापलीकडे होता आणि तबकडीच त्याचे मुख होती. १९५३ साली जपानच्या दौऱ्यावर आलेल्या पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांनी अकियोशींचे वादन ऐकले आणि त्यांच्या शिफारशीवरून तिचे ध्वनिमुद्रण झाले. १९५६ साली ती बोस्टन येथील बर्कली संगीतशाळेत दाखल झाली.

वेष्टन मांडण्याच्या रीतीस खरी शोभा आली ती दीर्घवादी तबकडीमुळे. जुनी दहा इंची तबकडी एका बाजूस तीन मिनिटांत संपे. ख्यालगायकांच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांस ही अडचण सांगावयास नको. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी तबकडी काढली. तिची एक बाजू वीस मिनिटांहूनही अधिक चाले. तिचे बारा इंची वेष्टनही भव्य: पुढे चित्र, मागे वादकांची नावे व टिपण. गिऱ्हाइकाने फर्माईश करावी, मालकाने एक बाजू वाजवावी आणि मग दुसऱ्याची पाळी, असा शिरस्ता पडला. जानेवारी १९६१ मध्ये ढोलवादक आर्ट ब्लेकी यांचा संच जपानात आला, तेव्हा 'मोनिन' ही चीज शेवया पोहोचविणारी पोरेही गुणगुणत असे सांगतात. त्यानंतर ही गृहे गावोगाव निघाली. कित्येक ठिकाणी बोलण्याची मनाई असे. कुजबुज केली तरी मालक डोळे वटारी. ही शिस्त थोडी अतिरेकीच होय. कादंबरीकार हारुकी मुराकामी यांनीही लेखक होण्यापूर्वी, १९७४ साली, टोकियोजवळ असेच एक गृह काढले होते.

मग घरोघरी चांगली यंत्रे आली, १९७९ साली खिशात मावणारा वॉकमन आला, १९८२ साली सीडी आली, आणि बहुतेक गृहांना ओहोटी लागली. योशिदा १९९४ साली वारले. चिगुसा २००७ साली बंद पडले. तथापि तबकड्या जपून ठेवलेल्या होत्या, आणि २०१२ साली चाहत्यांनी त्याच तबकड्या घेऊन जवळच ते पुन्हा उघडले.