अध्यापकाचा तास कोण पाहतो?

शाळेत शिकवू इच्छिणाऱ्या माणसाला आपल्याकडे प्रथम शिकवायला शिकावे लागते. बी.एड.च्या वर्गात त्याने पाठटाचणे लिहावयाची, सरावपाठ घ्यावयाचे, आणि पाठ चालू असता मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शकाने वहीत काही टिपत राहावयाचे, हा क्रम आम्हां शाळामास्तरांच्या अंगवळणी पडलेला आहे. महाविद्यालयात शिकवू इच्छिणाऱ्याची वाट निराळी. त्याने आपल्या विषयात एम.ए. व्हावे, नेटची परीक्षा द्यावी किंवा पीएच.डी. मिळवावी, निवड समितीपुढे बसावे आणि नेमणूक होताच साठ-सत्तर मुलांच्या वर्गात पाऊल टाकावे. नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनाविषयी प्रश्न असतात खरे. पण चार पर्यायांतील एकावर खूण करणे आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाची जांभई थांबविणे या दोन गोष्टींत अंतर आहे. वर्गाचे दार एकदा लागले की पुढील तीस वर्षांत त्या दारातून दुसरा जाणता माणूस बहुधा आत येत नाही.

या विषयावर एका मुख्याध्यापकाने लिहावे याचे कोणास नवल वाटेल. परंतु आमच्या हातून सुटलेली मुले ज्यांच्या हाती जातात, त्यांच्याविषयी आम्हांस आस्था असणारच. शिवाय आपल्या सभासदांत आजी-माजी प्राध्यापकांचा भरणा मोठा आहे. त्यांच्याशीच हे बोलणे आहे.

व्यवस्थाच नाही असे मात्र नव्हे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालात उजळणी वर्गांची शिफारस केली, ती शाळांच्या व इंटरमीजिएट महाविद्यालयांच्या शिक्षकांसाठी. वर्ग भरवावयाचे ते विद्यापीठांनी. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक स्टाफ कॉलेजे काढली, आणि विद्यापीठीय अध्यापकही विद्यार्थ्यांच्या बाकावर येऊन बसला. नवागतांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, अनुभवी मंडळींसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग अशी ती योजना होती. पुढे २०१५ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये या केंद्रांची नावे बदलली. आमच्या इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठातही असे केंद्र आहे.

तेथे जाऊन आलेल्यांना मी आवर्जून विचारतो की काय मिळाले. परगावच्या समव्यवसायी मंडळींशी ओळख झाली, विषयातील नवी पुस्तके कळली, आणि पदोन्नतीसाठी लागणारे प्रमाणपत्र हाती आले, अशी प्रांजळ उत्तरे येतात. पहिल्या दोन लाभांना मी कमी लेखीत नाही. पण परतल्यावर तुमच्या तासात काय बदलले, असे विचारताच बोलणे अडखळते. याचा दोष त्या मंडळींना देता येत नाही. व्याख्यान लांबवू नये या विषयावर दीड तासाचे व्याख्यान ऐकून माणूस घरी आला, तर तो दुसरे काय सांगणार?

अध्यापकात बदल कशाने घडतो, याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. एरिक माझूर हे हार्वर्ड विद्यापीठात १९८४ पासून पदार्थविज्ञान शिकवीत होते. विद्यार्थी त्यांच्यावर खूष, परीक्षांचे निकाल चांगले; आपण उत्तम शिकवितो याविषयी त्यांना शंका नव्हती. १९९० च्या सुमारास इब्राहिम हलून व डेव्हिड हेस्टेनीस या दोघांचे लेख त्यांच्या वाचनात आले. न्यूटनचे नियम पाठ असलेली, गणिते सोडविणारी मुलेदेखील गतीविषयीच्या आपल्या जुन्या कल्पना मनातून काढीत नाहीत, असे त्या लेखांत दाखविले होते. हे माझ्या वर्गात शक्य नाही, या खात्रीने माझूर यांनी तीच चाचणी आपल्या वर्गाला दिली. जड मालमोटार आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर कोण कोणावर अधिक बल लावते, अशा धर्तीचे साधे प्रश्न. (दोन्ही बले समान असतात; पण मालमोटारीचे बल अधिक असणार असे मन सांगत राहते.) तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले की उत्तरे तुम्ही शिकविले त्याप्रमाणे लिहू, की मी एरवी विचार करते त्याप्रमाणे? चाचणीचा निकाल निराशाजनक लागला.

माझूर यांनी यानंतर आपली पद्धतच बदलली. थोडे सांगावयाचे, मग एक प्रश्न घालावयाचा. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवावे, नंतर शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यावे, आणि पुन्हा उत्तर द्यावे. पद्धतीची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्या अगोदरचा क्षण अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यांना कोणी उपदेश केला नाही, कोणत्याही केंद्राने प्रमाणपत्र दिले नाही. आपण शिकविलेले आणि मुलांपर्यंत पोहोचलेले यांतील अंतर त्यांना स्वतःच्या वर्गात, स्वतःच्या डोळ्यांनी दिसले.

हे अंतर दाखविण्याचे काम संस्थेलाही करता येते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने अध्यापनाच्या अभ्यासासाठी १९६२ मध्ये एक केंद्र काढले. तेथील एक रीत अशी की, अध्यापकाने बोलाविल्यास केंद्रातील सल्लागार सत्राच्या मध्यावर त्याच्या वर्गात येतो, थोडा वेळ तास पाहतो. मग अध्यापक बाहेर जातो आणि विद्यार्थी काय उपयोगी पडते, काय बदलावे, हे सल्लागाराला सांगतात. तो ते अध्यापकाला एकान्तात सांगतो. विभागप्रमुखाला त्यातील अक्षरही कळत नाही. सत्र अर्धे उरलेले असल्यामुळे सुधारणेला अवसर असतो; आपल्याकडे वर्षअखेर भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्राय-पत्रकांचा लाभ झालाच तर पुढच्या वर्षीच्या मुलांना.

गेल्या हिवाळ्यात या रीतीची लहानशी नक्कल मी करून पाहिली. माझा एक जुना विद्यार्थी येथील एका महाविद्यालयात इतिहास शिकवितो. "सर, मुले ऐकतात, पण उत्तरपत्रिकांत काहीच उतरत नाही," असे तो कष्टी होऊन म्हणाला. त्याच्याच निमंत्रणावरून मी एक दिवस मागच्या बाकावर जाऊन बसलो. विषय १८०२ च्या वसईच्या तहाचा. हडपसरला यशवंतराव होळकरांनी केलेला पराभव, दुसऱ्या बाजीरावाचे वसईस पलायन, तैनाती फौज, सव्वीस लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून देणे, सारे त्याने ओघवत्या हिंदीत सांगितले. मला स्वतःला तास आवडला. शेवटची पाच मिनिटे राखून आम्ही मुलांना कागदाचे तुकडे वाटले : नाव न घालता, आजचे काय कळले नाही ते एका वाक्यात लिहा.

चाळीसच्या वर चिठ्ठ्या आल्या. त्यांतील निम्म्यांत एकच घोटाळा होता. तैनाती फौज म्हणजे पेशव्याने ठेवलेली, पेशव्याच्या हुकमतीतील फौज, असा मुलांचा समज होता. मग अशी फौज मिळाल्यावर पेशवा दुबळा कसा झाला, हे त्यांना उमगेना. माझ्या विद्यार्थ्याने तो शब्द तासात अकरा वेळा उच्चारला होता. (मी मोजले, मास्तरकीची खोड.) फौज कंपनीची, तिचा खर्च पेशव्याच्या माथी, ही गोष्ट त्याला इतकी परिचित होती की ती सांगावयाची राहून गेली होती. जाणकाराचा हा दोष असा आहे की तो त्याला स्वतःला दिसू शकत नाही.

पुढचा तास त्याने उलट बाजूने सुरू केला. सव्वीस लाखांचा मुलूख कोणी, कोणाला, कशासाठी दिला, एवढाच प्रश्न फळ्यावर लिहून मुलांना दोघादोघांत बोलू दिले. वर्गात गलका झाला, बाहेरून एक शिपाई डोकावून गेला. पण अर्ध्या तासात घोटाळा फिटला. मात्र अभ्यासक्रमाचा ठरविलेला भाग मागे पडला, आणि दोन-तीन मुलांनी, सर आजकाल शिकवीत नाहीत, अशी कुरकुर केली. या कुरकुरीलाही आधार सापडतो. हार्वर्डमधीलच पदार्थविज्ञानाच्या वर्गांवरील २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्वतः खटपट करून शिकलेल्या मुलांना चाचणीत अधिक गुण मिळाले. पण आपण कमी शिकलो असेच त्यांना वाटत होते. सुरेख व्याख्यान ऐकताना सारे समजल्याचा भास होतो. म्हणून केवळ विद्यार्थ्यांच्या पसंतीवर अध्यापकाचे मोल ठरविणे मला धोक्याचे वाटते.

त्याहून मोठा धोका भीतीचा. येथे माझीच एक चूक सांगितली पाहिजे. मुख्याध्यापक झालो त्या पहिल्या वर्षी एका शिक्षिकेचा तास पाहून त्यातील उणिवा मी तिच्या गोपनीय अहवालात लिहिल्या. लिहिले ते खरे होते. परंतु त्यानंतर मी वर्गात येणार असे कळले की ती आधीच घोटून घेतलेला धडा शिकवी, आणि मुले शिस्तीत पाठ केलेली उत्तरे देत. तिचा खरा तास मला पुढे कधीच पाहता आला नाही. साह्य करणारा आणि गुण देणारा ही दोन माणसे निराळी असावीत, हे मी त्या वर्षी शिकलो.

आपल्या प्रांतात याचे एक भले उदाहरण घडून गेले आहे. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांतून प्रयोगांद्वारे विज्ञान शिकविण्याचा उपक्रम सुरू केला. दिल्ली विद्यापीठातील व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील मंडळी खेड्यांतील शिक्षकांबरोबर त्यात राबली. प्रशिक्षण देऊन ते थांबले नाहीत. शाळांतून पाठपुराव्याच्या भेटी होत, आणि शिक्षक दरमहा एकत्र बसून कोणता प्रयोग फसला, मुलांनी कोणता प्रश्न विचारला, हे मांडीत. २००२ मध्ये राज्य शासनाने तो उपक्रम बंद केला. त्याची चर्चा शालेय विज्ञानाच्या संदर्भात होते. मला त्यातील विद्यापीठीय अध्यापक आठवतात : जेथे उत्तर पदवीने ठरत नाही, प्रयोगाने ठरते, अशा ठिकाणी ते वर्षानुवर्षे बसले. कोणत्याही उजळणी वर्गाला तीन आठवड्यांत हे साधणार नाही.

ती मासिक बैठक आपल्याला अशक्य नाही. एका महाविद्यालयातील चार अध्यापकांनी, विषय निरनिराळे असले तरी, महिन्यातून एकदा एकमेकांचा एक तास पाहावा. तासापूर्वी, मी काय पाहावे अशी तुमची इच्छा आहे, एवढेच विचारावे. आणि नंतर मत देण्याआधी जे दिसले ते सांगावे. किती मुले बोलली, कोण बोलले, प्रश्नानंतर आपण किती क्षण थांबलो. कागद कोठेही पाठवू नये. आपल्यातील निवृत्त प्राध्यापकांकडून कोणाच्याही पदोन्नतीला भय नाही, तेव्हा त्यांनी या कामी पुढे यावे.

माझ्या विद्यार्थ्याने फेड म्हणून माझाही एक तास पाहिला. आठवीचा वर्ग, मराठीचे व्याकरण. तास संपल्यावर त्याने संकोचाने एक कागद पुढे केला. त्यावर बाकांचा नकाशा होता आणि मी ज्या ज्या मुलाला प्रश्न विचारला तेथे खूण. एकोणीस खुणा, त्यांतील सतरा पहिल्या दोन रांगांत. खिडकीकडच्या बाजूला एकही नव्हती. तिकडे अकरा मुले बसतात. त्यांची नावे मी त्या दिवशी वहीत लिहून घेतली.