पूजेच्या नावाने येणारा स्पॅम: नुसता डिलीट करू नका

त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी, त्रिपिंडी, कालसर्प अशा पूजा करायला देशभरातून लोक येतात. त्यातून 2027 चा सिंहस्थ तोंडावर. 'आजच ॲडव्हान्स भरा, मुहूर्त पक्का' असा अनोळखी ईमेल आला तर लिंक उघडू नका. खालच्या 'अनसबस्क्राइब'लाही हात लावू नका. तुमचा पत्ता चालू असल्याचं त्यांना तिथूनच कळतं.

संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडून वरच्या उद्गारचिन्हावर क्लिक करा, म्हणजे 'रिपोर्ट स्पॅम'. मेल कुणाचं सोंग घेऊन पैसे किंवा पासवर्ड मागत असेल, तर उत्तराच्या बाणाशेजारचे तीन ठिपके दाबून 'रिपोर्ट फिशिंग' निवडा. डिलीट केल्याने फक्त तुमचा इनबॉक्स साफ होतो. रिपोर्टमुळे गूगलची चाळणी तसले मेल ओळखायला शिकते.

पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं, म्हणून इथे एकेक मिनिट मोलाचं. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर. मूळ मेल मात्र जपून ठेवा. तो कुठल्या सर्व्हरवरून आला हे त्याच्या हेडरमध्ये असतं, स्क्रीनशॉटमध्ये नाही.