निरोगी माणसाने वैद्याकडे का जावे?

आपल्याकडे घरात वैद्य येतो तो बहुधा रोगाच्या मागून. ताप चढला, छातीत कळ आली, पायांवर सूज दिसली, की मग धावपळ सुरू होते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु प्रकृतीच्या बाबतीत शहाणीसुरती माणसेही नेमका तोच उद्योग करीत असतात. ‘मला काही होत नाही, मग डॉक्टरकडे कशाला जावयाचे?’ हा त्यांचा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर द्यावयाचे, तर रोग शरीरात कसा वाढतो हे आधी पाहिले पाहिजे.

आपल्या सुश्रुतसंहितेत रोगाच्या वाढीच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत: संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती आणि भेद. रोग आपल्या पूर्ण रूपाने प्रकट होतो तो पाचव्या पायरीवर. त्याआधी चार पायऱ्या तो जवळजवळ मुकाट्याने चढून आलेला असतो. सुश्रुताची त्रिदोषांची उपपत्ती आणि आजच्या वैद्यकाची उपपत्ती या भिन्न आहेत. तथापि रोगाचा आरंभ आणि रोग्याला होणारी त्याची जाणीव यांच्यामध्ये बराच काळ लोटतो, हे त्यातील निरीक्षण आजही खरे आहे. या मधल्या मूक काळात रोगाला गाठणे, हाच नियमित तपासणीचा सारा उद्देश होय.

या मूकपणाचे ठळक उदाहरण म्हणजे रक्तदाब. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे दुखत नाही, खुपत नाही. माणूस कचेरीत जातो, जेवतो, झोपतो. आणि आत हृदय, मूत्रपिंडे व मेंदूतील रक्तवाहिन्या हळूहळू झिजत असतात. हा दाब मोजण्याची दंडाला बांधावयाची पट्टी रिवा-रॉची या इटालियन वैद्याने 1896 साली प्रसिद्ध केली, आणि नळीने नाडीचे ध्वनी ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही आकडे घेण्याची रीत कोरोत्कोव या रशियन शस्त्रवैद्याने 1905 साली दाखविली. म्हणजे रोग ओळखण्याचे साधन शंभरांहून अधिक वर्षे हाताशी आहे. मग केवळ ओळखणे पुरेसे आहे काय?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची हकीकत या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. 1944 च्या मार्च महिन्यात डॉ. हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले, तेव्हा त्यांचा रक्तदाब 186 वर 108 भरला. जगातील उत्तमोत्तम वैद्यकीय साह्य त्यांच्या दाराशी होते. परंतु विश्रांती, मीठ कमी करणे आणि हृदयासाठी डिजिटॅलिस यांपलीकडे त्या काळच्या वैद्यांपाशी विशेष काही नव्हते. पुढे 12 एप्रिल 1945 रोजी तीव्र डोकेदुखीची तक्रार करीत ते कोसळले आणि मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्यांचे वय त्या वेळी 63 वर्षांचे होते. रोग ठाऊक होता, उपाय नव्हता. 1958 च्या सुमारास थायाझाइड वर्गातील सुलभ गोळ्या आल्या, त्यानंतर इतरही आल्या, आणि चित्र पालटले. राष्ट्राध्यक्षास जे मिळू शकले नाही, ते आज एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळू शकते. अशा काळात ज्याचा दाब मोजलाच गेला नाही म्हणून ज्याला पक्षाघात होतो, त्याचे दुर्दैव रूझवेल्ट यांच्याहून वेगळ्या प्रकारचे आहे. ते टाळता आले असते.

दुसरा दाखला महाराष्ट्रातलाच आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका विषाणूच्या दीर्घ संसर्गातून उद्भवतो. संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत सामान्यतः 15 ते 20 वर्षे जातात. त्या अवधीत पेशींत होणारे बदल ओळखता येतात आणि ते लहानशा उपचाराने नाहीसेही करता येतात. या रोगाला गाठण्याचा सर्वांत योग्य मार्ग कोणता, हे पाहण्यासाठी 1999 सालापासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक मोठा प्रयोग झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय यांचा त्यात सहभाग होता. 30 ते 59 वर्षे वयाच्या 1,31,746 निरोगी खेडूत स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या. एका गटातील स्त्रियांची विषाणूसाठी एकदाच, आयुष्यात केवळ एकदाच, चाचणी झाली. एक गट नेहमीच्या उपचारव्यवस्थेवरच सोपविलेला होता. आठ वर्षांनी हिशेब पाहिला, तेव्हा विषाणूची चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने 34 स्त्रिया दगावल्या होत्या, तर तपासणीविना राहिलेल्या गटात 64. हा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला.

हे आकडे नुसते वाचून पुढे जाण्याजोगे नाहीत. दुसऱ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न पुढे जाणत्यांनी उपस्थित केला, आणि तो रास्त आहे. एवढी किंमत देऊन जे ज्ञान हाती आले, ते शहरातील सुशिक्षित घरांनी वापरू नये यासारखी दुसरी कृतघ्नता नाही. या घरांत यजमानांची रक्तशर्करा दर तीन महिन्यांनी मोजली जाते, मुलांचे दात पाहिले जातात, सासूबाईंच्या डोळ्यांचे वेळच्या वेळी होते; परंतु घरची गृहिणी तिशी ओलांडते, चाळिशी ओलांडते, पन्नाशीला येते, आणि तिची ही एक चाचणी कधीच झालेली नसते. तिला वेळ नसतो, थोडा संकोच असतो, आणि मुख्य म्हणजे तिला कोणी विचारलेलेच नसते.

येथे कोणी असे समजेल, की मग जितक्या चाचण्या अधिक तितके बरे. आजकाल ‘संपूर्ण शरीराची तपासणी’ म्हणून पन्नास-साठ चाचण्यांचे गाठोडे एकाच दरात विकले जाते, तेव्हा असा समज होणे साहजिक आहे. परंतु तो समज चुकीचा आहे. दक्षिण कोरियात 1999 साली राष्ट्रीय तपासणी योजना सुरू झाली. तिच्यात नसलेली गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची ध्वनिलहरींची तपासणी अनेक दवाखान्यांतून अल्प खर्चात जोडून मिळू लागली. परिणाम असा झाला, की 2011 साली त्या ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान 1993 च्या पंधरा पट झाले. मात्र त्या रोगाने मरणाऱ्यांची संख्या होती तेवढीच राहिली. म्हणजे जे बारीकसे दोष आयुष्यभर कोणाला त्रास देणार नव्हते, ते हुडकून काढून हजारो माणसांच्या ग्रंथी कापल्या गेल्या, आणि त्यांतील बहुतेकांना जन्मभर गोळ्या लागल्या. सरसकट सर्वसाधारण तपासण्यांचे जे प्रयोग झाले, ते एकत्र पाहता त्यांनी मृत्यूचे प्रमाण घटल्याचे दिसत नाही.

तेव्हा विवेक हवा. विल्सन आणि युंग्नर या दोघांनी 1968 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी तपासणीच्या ज्या कसोट्या मांडल्या, त्यांचे सार थोडक्यात असे: रोग महत्त्वाचा असावा, त्याला ओळखता येईल असा मूक काळ असावा, चाचणी लोकांना मानवेल अशी असावी, आणि रोग सापडल्यावर करावयाचा उपाय उपलब्ध असावा. या कसोट्यांना उतरणाऱ्या चाचण्या थोड्याच आहेत. परंतु त्या वेळच्या वेळी आणि पुनःपुन्हा करावयाच्या असतात.

वयाच्या क्रमाने पाहू गेल्यास, नवजात अर्भकाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून थायरॉइडची जन्मजात उणीव कळते. ती वेळीच भरून काढली नाही, तर मुलाची बुद्धी खुंटते. शाळेत जाण्याच्या वयात दृष्टी तपासावी. फळ्यावरचे अक्षर न दिसणारा मुलगा ‘मला दिसत नाही’ असे सांगत नाही, कारण इतरांना कसे दिसते हे त्याला ठाऊकच नसते. तो केवळ मठ्ठ ठरतो. एक डोळा मंद असल्यास सात-आठ वर्षांच्या आत उपाय झाला तर गुण चांगला येतो. तारुण्यापासून रक्तदाब मोजीत असावे, आणि तिशीनंतर रक्तशर्कराही. तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्याने तोंड आतून तपासून घ्यावे. स्त्रियांनी तिशीपासून गर्भाशयमुखाची विषाणू-चाचणी पाच ते दहा वर्षांच्या अंतराने करावी. स्तनांचीही डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब पाहावा, कारण काचबिंदू हाही मुका रोग आहे. त्याने गेलेली दृष्टी परत येत नाही. उतारवयात श्रवण आणि हाडांची बळकटी यांकडे लक्ष द्यावे. ज्यांच्या घराण्यात एखादा रोग चालत आला आहे, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने याहून लवकर आरंभ करावा. तिशीवरील लोकांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचे कर्करोग यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमातही आहे.

तपासणीची रीतही सांभाळावी. जिना चढून आल्याबरोबर किंवा नुकताच चहा घेऊन रक्तदाब मोजू नये. पाच मिनिटे पाठ टेकून स्वस्थ बसावे आणि दोनदा मोजून घ्यावा. एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नये व हुरळूनही जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे असे, की तपासणी हा उपचार नव्हे. अहवाल आणला, ‘नंतर पाहू’ म्हणून कपाटात ठेवला, आणि दोन वर्षांनी तो कागद डॉक्टरांच्याच हाती आणीबाणीच्या वेळी पडला, असे पुष्कळ घरांत घडते. असा कागद नसता तरी चालले असते.

यासाठी एक साधी युक्ती आहे. घरात जमाखर्चाची वही असते, तशी प्रकृतीचीही एक वही असावी. दिवाळीत जुने हिशेब मिटवून नवी वही घालतात. तो दिवस या कामाला चांगला. घरातील प्रत्येकाच्या नावे एक पान राखावे, आणि त्यावर काय तपासले, केव्हा तपासले, आकडा काय आला, पुढे केव्हा जावयाचे, एवढेच लिहावे. मग वर्षातून एकदा ती वही सर्वांनी मिळून चाळावी. ज्याच्या पानावर काही लिहिलेले नसेल, त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे. बहुतेक घरांत ते कोरे पान वही लिहिणाऱ्या गृहिणीचेच निघेल.