लेकराची हनुवटी कोरडी ठेवा

घरात चार-सहा महिन्यांचे लेकरू असले, की आजीच्या खांद्यावर, आईच्या पदरावर आणि बापाच्या सदऱ्यावर ओला डाग ठरलेलाच. लेकरू हसते, मूठ तोंडात घालते आणि लाळेची धार हनुवटीवरून गळ्यापर्यंत जाते. सगळ्यांना त्याचे कौतुकच वाटते. मग एक दिवस लक्षात येते, की हनुवटी लाल झाली आहे, ओठाखाली बारीक पुरळ उठले आहे, गळ्याच्या घड्या तांबड्या झाल्या आहेत आणि पुसायला गेले की लेकरू मान फिरवून रडते. मग घरात ज्याचे त्याचे मत. कुणी म्हणते उष्णता झाली, कुणी म्हणते दृष्ट लागली. एखादी म्हातारी म्हणते, पोटात असताना आईचे डोहाळे पुरले नाहीत म्हणून लाळ गळते. आणि त्या बिचाऱ्या आईला उगीच अपराध्यासारखे वाटते.

भगिनींनो, यात आईचा काही दोष नाही. हे बहुधा लाळेने उठलेले पुरळ असते. ते एकाचे दुसऱ्याला लागत नाही. कातडी कोरडी ठेवली आणि तिच्यावर स्निग्ध थर दिला, की बहुतेक लेकरांचे पुरळ थोड्या दिवसांत बसते. चिघळते ते बहुतेक वेळा आपण वर जे काही चोळतो त्यामुळे.

लाळ गळते का? तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून लेकराच्या तोंडात लाळ जास्त सुटू लागते. ती वरचेवर गिळायची असते हे त्याला अजून साधलेले नसते, आणि बांध घालायला पुढचे दातही नसतात. म्हणून ती बाहेर येते. बहुतेक लेकरांना सहाव्या महिन्याच्या सुमारास पहिला दात दिसतो. कुणाला चौथ्यात, कुणाला वर्षाला. साधारण दीड ते दोन वर्षांत लाळ आपोआप कमी होते.

आणि ती कातडीला बाधते का? भाकरीचा तुकडा तोंडात बराच वेळ चावत राहा, तो गोड लागू लागतो. लाळ भाकरी पचवायला तोंडातच सुरुवात करते, हे तिचे कामच आहे. पण तीच लाळ दुधात मिसळून लेकराच्या नाजूक कातडीवर तासन् तास राहिली, तर कातडी मऊ पडते आणि हुळहुळते. त्यात आपण दर वेळी खसकन पुसतो. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बैलाचा खांदा कोरडा असताना जू तेवढे घासत नाही. पावसात भिजला की लगेच सोलतो. लेकराच्या हनुवटीचे तसेच आहे.

आता धर्मापुरीसारख्या गावाचा विचार करू. केदारेश्वराच्या जुन्या कोरीव मंदिराचे हे गाव बीड जिल्ह्यातले, आणि या जिल्ह्यातून दरसाल हजारो जोडपी ऊसतोडीला बाहेर पडतात. दसरा-दिवाळी झाली, की मुकादमाची टोळी निघते ती उन्हाळा लागेपर्यंत परतत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि पाठीशी तान्हे लेकरू. घरी राहणाऱ्या आईला जे सोपे, ते कोपीवर अवघड होते. पाणी लांबून आणायचे. पहाटेची थंडी कातडी कोरडी करून तडकवते, त्यावर लाळ पडली की झोंबते. दिवसभर पाचटाची धूळ. उसाच्या पाल्यावर बारीक कूस असते, ती आईच्या चोळीला आणि पदराला चिकटून येते, आणि लेकरू दूध पिताना त्याच पदरावर गाल घासते. मोठी मुलगी लेकराला सांभाळते, पण तिचे वय ते किती! तेव्हा निघण्याआधी घरीच थोडी तयारी करून ठेवा. घरी राहणाऱ्या बायकांनाही ती उपयोगी पडेल.

तयारी म्हणजे लाळेरी. एक-दोन नव्हे, दहा-बारा करा. खर्च काही नाही. जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे किंवा धोतर घ्या. वीतभर रुंद आणि त्याहून थोडे लांब तुकडे कापा, दोन पदर एकावर एक ठेवून कडा आत दुमडून शिवा. शिवणीची जाड कड गळ्याला लागू देऊ नका. नायलॉन किंवा टेरिकॉट मुळीच नको, ते लाळ शोषत नाही. बाजारात प्लॅस्टिकची लाळेरी मिळतात, ती कपडे वाचवतात, पण आत घाम कोंडून गळा ओलाच राहतो. बंद आखूड ठेवा आणि घट्ट बांधू नका. लेकरू झोपले, की लाळेरे काढलेच पाहिजे. झोपेत बंद गळ्याला आवळण्याची भीती असते. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याचे आणि ताइताचे तेच. शिवाय तो दोरा लाळेने भिजून दिवसभर घडीत ओला राहतो, आणि पुष्कळ लेकरांचे पुरळ नेमके त्या दोऱ्याखालीच असते. ज्या घरात दोरा बांधायचाच, त्यांनी तो गळ्याऐवजी दुसरीकडे बांधावा. देवाची त्याला हरकत नसावी.

लाळेरे ओले झाले की बदला, हाच खरा उपाय. धुताना साबण थोडा वापरा आणि तो पुरता निघेल असे खळबळा. कापडात राहिलेला सोडा कातडीला लाळेइतकाच बाधतो. वाळत घालायचे ते दोरीवर, उन्हात. गवतावर किंवा पाचटावर टाकले, तर कुसळे चिकटतात.

लाळ पुसायची नाही, टिपायची. कोरडे मऊ फडके नुसते टेकवा आणि उचला. सोबतच्या मोठ्या मुलीलाही हे करून दाखवा, ती लगेच शिकते. दिवसातून दोनदा, आणि अंगावरचे दूध किंवा वरचे खाणे झाल्यावर, कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने तोंड, हनुवटी आणि गळा हलक्या हाताने स्वच्छ करा. पाणी कमी असेल तर वाटीभर पुरते. तोंडाला साबण नको. मान थोडी मागे करून गळ्याच्या घड्या उघडा, कारण आतले दूध आणि मळ वरून दिसत नाही. तेथेही टिपा आणि थोडा वेळ वारा लागू द्या. पूर्ण कोरडे झाले, की बोटाच्या टोकावर थोडे साधे, बिनवासाचे व्हॅसलीन घेऊन हनुवटीवर आणि गालांवर पातळ थर द्या. पाऊस पानावरून ओघळतो तशी लाळ त्यावरून ओघळून जाते. दूध पाजण्यापूर्वी आणि झोपवण्यापूर्वी लावले, तर जास्त उपयोग होतो. व्हॅसलीन नसेल तर शुद्ध खोबरेल चालेल. तूप मात्र नको. ते खवट होते आणि कोपीत मुंग्या येतात. ओल्या कातडीवर काहीही लावू नका, ओल आतच कोंडते.

उसातून आलेल्या आईने आधी हात आणि छाती धुवावी, खांद्यावर एक स्वच्छ फडके टाकावे आणि मग लेकराला घ्यावे. मिश्रीचे बोट लेकराच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका, तो तंबाखूच आहे. पाहुण्यांनी गालाचे मुके घेणे, दाढी घासणे हेही पुरळ बसेपर्यंत बंद. पाहुणे रागावतील, रागावू द्या.

आता काय लावू नये ते जरा स्पष्टच सांगते. पावडर नको. लाळेत तिचा चिखल होतो, आणि उडालेली पावडर लेकराच्या श्वासात जाते. राख, चुना, लिंबू यांचे तर नावच नको. बिब्बा कधीही नको. बिब्ब्याचे तेल मोठ्या माणसाची कातडी भाजते, तर तान्ह्याची काय कथा! मध हिरड्यांना चोळण्याची रीत आहे. पण वर्षाच्या आतल्या लेकराला मध चाटवू नये, त्यातून क्वचित जिवावर बेतणारा आजार होतो. सगळ्यांत फसवे म्हणजे औषधाच्या दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना आणलेले खाजेचे मलम. त्यात बऱ्याच वेळा स्टेरॉइड असते. दोन दिवसांत लाली जाते म्हणून घर खूश होते, पण वापरत राहिले तर कातडी पातळ पडते आणि पुरळ दुपटीने परतते. शेजारणीच्या लेकराला गुण आला, म्हणून तीच नळी आपल्या लेकराला वापरू नका.

हिरड्या शिवशिवत असतील, तर स्वच्छ फडके गार पाण्यात पिळून त्याचे टोक चघळायला द्या. आईने हात धुऊन स्वच्छ बोटाने हिरडी हलके दाबली तरी लेकराला बरे वाटते. सहा महिन्यांपर्यंत अंगावरचे दूधच, वरचे पाणीसुद्धा नको.

डॉक्टरांकडे केव्हा न्यायचे? पुरळावर पिवळी खपली धरली, पू किंवा पाण्याचे फोड आले, घाण वास येऊ लागला, गळ्याच्या घडीत लालभडक होऊन भोवती बारीक पुटकुळ्या उठल्या, किंवा आठवडाभर काळजी घेऊनही उतार नसला, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. त्यात जंतू किंवा बुरशी असते, आणि तिचे मलम वेगळे असते. जिभेवर, गालाच्या आत पुसून न जाणारा पांढरा थर दिसला तरी दाखवा. धर्मापुरीच्या परिसरातल्यांना अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळ आहे.

एकाएकी लाळ फार गळू लागली, लेकरू गिळेना, दूध घेईना, श्वास घेताना आवाज येऊ लागला किंवा ओठ सुजले, तर मात्र पुरळाचा विचार सोडा आणि त्याच घटकेला दवाखाना गाठा. घशात काही अडकलेले असू शकते.

आणि ‘दात येताहेत, जुलाब होणारच’ म्हणून घरी बसू नका. दात जुलाब लावत नाहीत. या वयात लेकरू हाताला लागेल ते तोंडात घालते, त्यातून घाण पोटात जाते. जुलाब लागले, तर अंगावरचे दूध चालू ठेवा, जलसंजीवनी पाजा आणि आशाताईंना किंवा डॉक्टरांना भेटून जस्ताच्या गोळ्या विचारा. तोडीवर निघणाऱ्या बायकांनी जलसंजीवनीच्या पुड्या आशाताईंकडून आधीच मागून घ्याव्यात आणि लाळेऱ्यांच्या गाठोड्यातच बांधाव्यात, म्हणजे कोपीवर रात्री-अपरात्री शोधाशोध होणार नाही.