घाटातली ठिणगी

नगरहून पाथर्डीला जाताना करंजीचा घाट लागतो. पेट्रोलवरचा जुना ट्रक असा घाट चढू लागला, की जाणत्या चालकाचा कान इंजिनाकडे लागतो.

पेट्रोल जळायला क्षणभर वेळ घेते. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी पडावी लागते. सपाटीवर हलक्या ओझ्याला मिश्रण विरळ, जळणे मंद. तेव्हा इंजिनाची ओढ नळीवाटे डिस्ट्रिब्यूटरचा पडदा खेचते नि ठिणगी आणखी लवकर पाडते. घाटात अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबला, की ओढ सरते, ठिणगी मागे येते. ती न आली, तर ठोके पडून अखेर दट्ट्याच जळायचा!

म्हणून मिस्त्री आधी नळी काढून तिचे तोंड बंद करतो, इंजिन संथ ठेवून टायमिंग लावतो, मगच नळी जोडतो. वाचकहो, घाई सपाटीवर शोभते. चढावर दमानेच घ्यावे.