विश्लेषण : मालकांच्या वहीत गुलामांचे बंड कसे सापडते?

कोहमारा (जि. गोंदिया) : नाव, वडिलांचे नाव, वय, जात, उंची फूट-इंचांत, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जवळच्या नातेवाइकाचे नाव. वाचताना पोलीस ठाण्यातला फॉर्म वाटेल, पण तो तसा नाही. कलकत्त्याहून कॅरिबियन प्रदेशात उसाच्या मळ्यांवर पाठवलेल्या भारतीय मजुरांच्या परवान्यावर हे रकाने असत. त्याच मळ्यांवर आधी राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांच्याही अशाच याद्या ब्रिटिश सरकारने करून घेतल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच आता स्कॅन होऊन इंटरनेटवर आल्या आहेत. या नोंदी लिहिणाऱ्याला गुलामाचे म्हणणे नोंदवायचे नव्हते. तरीही गुलामांनी केलेला प्रतिकार आज समजतो तो मुख्यतः याच कागदांतून. तो कसा शोधायचा आणि मराठी माणसाचा त्याच्याशी संबंध काय?

नोंदी ठेवल्या कोणी आणि कशासाठी?

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली, गुलामीवर नाही. म्हणजे आफ्रिकेतून नवे गुलाम आणायचे नाहीत, पण जे आहेत ते मालकाचेच. मग चोरून आणलेला नवा गुलाम ओळखायचा कसा? त्यासाठी नोंदवहीची कल्पना पुढे आली. त्रिनिदादमध्ये १८१३ पासून आणि जमैकासह इतर वसाहतींत १८१७ च्या सुमारास प्रत्येक मालकाकडून गुलामांची यादी घेतली जाऊ लागली. बहुतेक ठिकाणी ती दर तीन वर्षांनी अद्ययावत करायची आणि एक प्रत लंडनला पाठवायची. ब्रिटनच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात हा संग्रह ‘टी ७१’ या क्रमांकाखाली आहे. कॅरिबियनमधील या गुलाम-नोंदवह्यांचा समावेश २००९ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत झाला.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचे तर पहिली यादी म्हणजे बेसलाइन डेटा आणि नंतरची प्रत्येक यादी म्हणजे फक्त बदलांची नोंद. माणसे ‘वाढ’ आणि ‘घट’ या दोन सदरांत येतात. मूल जन्मले, वाढ. विकत घेतले, वाढ. मेले, विकले, मुक्त केले, घट. गोठ्यातल्या जनावरांचा हिशेब ठेवावा तसा हा हिशेब आहे. १८३३ मध्ये गुलामी रद्द करण्याचा कायदा झाला, तेव्हा नुकसानभरपाई ठरवण्यासाठी याच याद्यांचा आधार घेतला गेला. ही भरपाई दोन कोटी पौंडांची होती आणि ती मालकांना मिळाली. ज्यांना राबवले त्यांना एक छदामही नाही. त्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटिश सरकारने फेडला तो २०१५ मध्ये.

बंड कोणत्या रकान्यात लिहिले आहे?

‘प्रतिकार’ नावाचा रकाना अर्थातच नव्हता. तो शोधावा लागतो ‘घट’ या सदरात, कारणाच्या ओळीत. पळून गेला. शिक्षा होऊन दुसऱ्या वसाहतीत पाठवला. फाशी. जमैकात १८३१ च्या नाताळानंतर सॅम्युअल शार्प या बाप्टिस्ट धर्मसेवकाच्या पुढाकाराने मजुरी दिल्याशिवाय काम न करण्याचा बेत झाला. तो पाहता पाहता बंडात बदलला आणि सुमारे साठ हजार गुलाम त्यात उतरले. खटल्यांनंतर तीनशेहून अधिक जणांना मृत्युदंड दिला गेला. शार्पला मे १८३२ मध्ये फाशी झाली. नोंदवहीच्या लेखी मात्र अशी माणसे म्हणजे मालकाच्या मालमत्तेतली घट. फाशी दिलेल्या गुलामाबद्दल मालकाला भरपाई देण्याची पद्धतही या वसाहतींत होती.

तक्रारींच्या वह्या याहून बोलक्या आहेत. आजच्या गयानाचा एक भाग असलेल्या बर्बिस वसाहतीत ‘फिस्कल’ नावाचा अधिकारी असे. डच अमलातून चालत आलेले हे पद. गुलाम त्याच्याकडे मालकाविरुद्ध तक्रार करू शकत. त्यासाठी मैलोन्‌मैल चालत यावे लागे आणि तक्रार खोटी ठरली तर फटके तक्रारदारालाच. तरीही लोक गेले. १८१९ मध्ये रोझा नावाची बाई गेली. ती गरोदर होती. वाकता येत नव्हते म्हणून गुडघ्यांवर बसून कॉफी तोडत होती. त्यावरून तिला फटके मारले गेले आणि तिचे मूल गेले. हे सगळे आज वाचता येते, कारण तिने तक्रार केली आणि कारकुनाने ती लिहून घेतली. भाषांतरात, संक्षेपात तिच्या बोलण्यातले बरेच गळाले असणार. पण नोंदवहीतल्या रोझाला फक्त वय आणि रंग असतो; तक्रारीतल्या रोझाला म्हणणे असते.

कागदावरून पेटलेले बंड

डेमेरारा ही बर्बिसच्या शेजारची वसाहत. १८२३ मध्ये लंडनहून तिथल्या गव्हर्नरला आदेश आला : शेतात चाबूक वापरू नका, बायकांना फटके मारू नका. मालकांनी आणि अधिकाऱ्यांनी तो लगेच जाहीर केला नाही. घरकाम करणाऱ्या गुलामांच्या कानांवर काहीबाही पडले आणि मळ्यांवर बोलबाला झाला की, राजाने स्वातंत्र्य दिले आहे, मालक कागद दाबून बसले आहेत. १८ ऑगस्ट १८२३ रोजी दहा हजारांहून अधिक गुलाम उठले. त्यांनी गोऱ्यांना खोड्यांत अडकवले, बंदुका काढून घेतल्या, पण मारले अगदी थोड्यांना, दोघा-तिघांनाच. गव्हर्नर मरे रस्त्यात त्यांच्यासमोर आला आणि काय हवे ते विचारले. आमचा हक्क हवा, असे उत्तर मिळाले. बंड काही दिवसांत मोडले आणि शेकडो गुलाम मारले गेले.

‘सक्सेस’ या मळ्यावरचा क्वामिना हा सुतार आणि त्याचा मुलगा जॅक ही या बंडातली दोन ठळक नावे. रक्तपात टाळा, असे सांगणाऱ्या क्वामिनाला गोळी घालून त्याचा मृतदेह साखळदंडांनी रस्त्याकडेला टांगला गेला. जॅकला सेंट लुसियात हद्दपार केले. जॉन स्मिथ या इंग्रज मिशनऱ्यालाही चिथावणीबद्दल मृत्युदंड झाला. लंडनहून माफी पोहोचण्याआधीच तो तुरुंगात क्षयाने मेला. या बंडाच्या खटल्यांतले जबाब लष्करी न्यायालयाच्या कागदपत्रांत आहेत. जबाब दहशतीखाली घेतलेले, तेव्हा शब्दन्‌शब्द खरा मानता येत नाही. पण कोण कुठे भेटले, निरोप कसा गेला, दहा हजार माणसे एका संध्याकाळी एकदम कशी उठली, हे कळते ते तिथूनच. शिक्षा देण्यासाठी जमवलेला पुरावा बंडाचा नकाशा होऊन बसला.

जॅकचे आडनाव ग्लॅडस्टन. ते मालकाचे. हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळात पुन्हा येईल.

तेव्हा आपल्याकडे काय होते?

१८३३ च्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता. म्हणजे १ ऑगस्ट १८३४ ला जमैकात गुलामी कायद्याने संपली, ठाण्यात किंवा पुण्यात नाही. इथे गुलामी होतीच. कुणबीण आणि बटीक हे शब्द पेशवाईच्या कागदांत खरेदी-विक्रीच्या संदर्भात येतात. कोठारात, तबेल्यात, स्वयंपाकघरात राबणाऱ्या या बायका होत्या. ‘मी काय बटीक आहे का तुमची?’ हे वाक्य घराघरांत अजून ऐकू येते, त्यामागे हा व्यवहार आहे. पळालेल्या कुणबिणींची दखलही या कागदांत घेतलेली दिसते. रकाना वेगळा, गोष्ट तीच.

कंपनी सरकारने १८४३ च्या कायदा क्रमांक ५ ने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. म्हणजे मालकाचा दावा कोर्ट ऐकणार नाही, इतकेच. आजच्या गोंदिया जिल्ह्याला तोही लागू नव्हता, कारण हा मुलूख तेव्हा नागपूरकर भोसल्यांचा होता. तो इंग्रजांकडे गेला १८५४ मध्ये. गुलाम बाळगणे, विकणे हा शिक्षापात्र गुन्हा झाला तो भारतीय दंड संहितेने.

गुलाम गेले, गिरमिट आले

आता ग्लॅडस्टन. ‘सक्सेस’सह अनेक मळ्यांचे मालक जॉन ग्लॅडस्टन, पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांचे वडील. त्यांना अडीच हजारांवर गुलामांपोटी एक लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. गुलाम जाणार हे दिसताच त्यांनी कलकत्त्याकडे मजुरांची मागणी नोंदवली. ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही दोन जहाजे भारतीय मजूर घेऊन ५ मे १८३८ रोजी ब्रिटिश गयानाला पोहोचली. मारहाणीच्या बातम्या लंडनपर्यंत गेल्या, चौकशी झाली आणि १८३९ मध्ये भारतातून असे मजूर पाठवणे थांबवले गेले. थोड्याच वर्षांत ते पुन्हा सुरू झाले. पुढे पाच लाखांहून अधिक भारतीय कॅरिबियनमध्ये गेले. ‘ॲग्रीमेंट’चे झाले गिरमिट आणि माणूस झाला गिरमिटिया. (आपल्याकडे सुताराच्या भोक पाडायच्या हत्यारालाही गिरमिट म्हणतात. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही, पण फिरवून फिरवून आत घुसण्याचा गुण सारखाच.)

मराठी माणसाची यातली मोठी वाट मॉरिशसची. ते बेट हिंदी महासागरात असले, तरी साखर, गुलाम, नोंदवही आणि भरपाई हे सगळे तिथेही तसेच होते. फेब्रुवारी १८३५ मध्ये तिथली गुलामी रद्द झाली. सुमारे ६६ हजार गुलामांपोटी मालकांना २१ लाख पौंड मिळाले. १८३४ पासून तिथे आलेल्या साडेचार लाखांहून अधिक भारतीय मजुरांपैकी तीस हजारांच्या आसपास मुंबई बंदरातून गेले. त्यात रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातले मराठी लोक मोठ्या संख्येने होते. प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला आणि तो आयुष्यभर चिकटला. डेटाबेसमध्ये ‘प्रायमरी की’ असते, अगदी तसा. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, याला ‘डबल कट’ म्हणत. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेले तिकीट बाळगणे सक्तीचे केले. तिकीट नसेल तर भटका ठरवून अटक.

इथला प्रतिकारही गुन्ह्याच्या रकान्यातच आहे : फरार, बेकायदा गैरहजर, भटका. पण १८७१ मध्ये या लोकांनी स्वतःचा कागद तयार केला. अॅडॉल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्याच्या मदतीने लिहिलेल्या अर्जावर ९,४०१ जुन्या मजुरांनी सह्या आणि निशाण्या केल्या. त्यावरून १८७२ मध्ये शाही आयोग नेमला गेला. त्याच्या १८७५ च्या अहवालाने पोलिसांची धरपकड आणि पगाराची लूट तपशीलवार मांडली. मळेवाल्यांनी प्लेव्हित्झला बेटावर जगणे नकोसे करून सोडले. ही व्यवस्था संपवण्याचा ठराव १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात मांडला तो गोपाळ कृष्ण गोखले यांनी. त्यासाठी त्यांनी सरकारी समितीच्याच अहवालाचा आधार घेतला. ठराव फेटाळला गेला, पण १९१७ मध्ये भरती बंद झाली.

आजच्या मजुराची नोंद कुठे आहे?

कोहमारा सडक अर्जुनी तालुक्यात, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे. जुन्या लोकांसाठी हा अजून ‘सहा नंबर’. २०२० च्या टाळेबंदीत नागपूरकडून छत्तीसगड, ओडिशाकडे पायी निघालेल्या मजुरांची वाट हीच होती. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा तेव्हा लागू होता. ठेकेदाराने प्रत्येक मजुराला फोटो लावलेले पासबुक द्यायचे, त्यात मजुरीचा दर, मुदत आणि परतीचे भाडे लिहायचे, असे तो सांगत होता. फोटो मॉरिशसच्या तिकिटावरही होता. फरक असा की, ते तिकीट मजुराला धरण्यासाठी होते आणि हे पासबुक ठेकेदाराला धरण्यासाठी. तिकिटाची अंमलबजावणी कडक झाली, पासबुकाची नाही. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर दगावले, या प्रश्नावर केंद्रीय कामगार मंत्रालयाने सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत लेखी उत्तर दिले : अशी आकडेवारी ठेवलेली नाही.

आपल्या भागातला माणूस या नोंदींत शोधायचा असेल तर?

मॉरिशसला गेलेल्यांची कागदपत्रे आणि फोटो मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. त्रिनिदादची पोर्ट ऑफ स्पेनच्या राष्ट्रीय पुराभिलेखागारात, तर गयानाची जॉर्जटाउनच्या वॉल्टर रॉडनी पुराभिलेखागारात आहेत. गुलामांच्या मालकांना मिळालेल्या भरपाईचा डेटाबेस युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने सर्वांसाठी खुला केला आहे. त्यात मालकाचे किंवा मळ्याचे नाव टाकून शोधता येते.

कोकणातल्या कुटुंबांनी मुंबई बंदराच्या याद्या पाहाव्यात. मध्य प्रांतातून गेलेले मजूर कलकत्त्याच्या नोंदींत मिळतील. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये झाला, त्यामुळे जिल्ह्याच्या रकान्यात ‘भंडारा’ शोधायचे. स्पेलिंग कारकुनाच्या कानावर अवलंबून असे. जुन्या इंग्रजी कागदांत ‘भुंडारा’ही लिहिलेले आढळते. आडनावावर विसंबू नका, कारण परवान्यावर आडनावाचा रकानाच नव्हता. वडिलांचे नाव, गाव आणि जहाजाचे नाव हे तीन धागे जुळले तर पुढे जाता येते. इमिग्रेशन क्रमांक मिळाला तर उत्तमच. त्या क्रमांकावरून माणसाचे मळे बदललेले, तक्रार केलेली, तुरुंगात गेलेली आणि क्वचित परतीच्या जहाजात बसलेली नोंदही सापडू शकते.